चालू गाडी उघडायची नाही

आमच्या शेजारच्या मिस्त्रींचा एकच नियम: चालू गाडी उघडायची नाही. स्कूटर खडखडते म्हणून कुणी घेऊन गेलं आणि गॅरेजच्या दारात ती गुमान चालली, की मिस्त्री हात पुसत सांगतात, आवाज येईल तेव्हा आणा. अर्धी गल्ली त्यांच्या नावानं बोटं मोडते आणि परत त्यांच्याकडेच जाते. मीही जातो.

मागच्या वर्षी खडखड त्यांच्या छातीतच सुरू झाली. ठोके मध्येच सैरावैरा पळायचे आणि थोड्या वेळानं शहाण्यासारखे ओळीत यायचे. गोळ्या घेऊनही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ आणि गोंधळ घालणारी जागा डागून टाकू. मिस्त्रींनी मान डोलावली, तारीख घेतली, आणि त्या सकाळी ठोके सरळ आहेत म्हणून गॅरेज उघडून बसले. पुढच्या तारखेलाही तेच केलं.

मी आगीत तेल ओतायला तयारच. चालू गाडी उघडणार कोण, असं म्हणून मिस्त्रींकडे टाळी मागितली. मिस्त्रींच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, असं पाहिलं, की वाटलं, आता हातातला चहाही परत घेतात.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बजावलं होतं: दुखणं येऊन-जाऊन आहे तोवर हा उपाय चांगला लागू पडतो. ते कायमचं बसलं, की हृदयाचा कप्पा ताणत जातो आणि मग उपाय टिकेल याचा भरवसा कमी. वहिनींनी हे नवऱ्याला स्वतःच्या पद्धतीनं सांगितलं.

"तुमचा भाऊ आधी चहापुरता यायचा. तेव्हा बोलला असतात तर सोपं होतं. आता त्याचं कपाट आहे आपल्या घरात."

आतल्या खोलीत भाऊ खोकला. मी कप खाली ठेवून चपला शोधायला लागलो.

तिसऱ्या तारखेला ते गेले. नेमके त्या दिवशीही ठोके सरळ. स्ट्रेचरवरून त्यांनी शेवटचा प्रयत्न केलाच म्हणे.

"बाई, आवाज नसताना उघडणार?"

"मधूनमधून येतो तोवरच उघडायचं असतं, मिस्त्री. हात सरळ ठेवा."

पहिले काही आठवडे थोडी फडफड झाली. तसं होईल हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं. पुढे तीही थांबली. आता ते संध्याकाळी दारात खुर्ची टाकून मनगटावर बोट ठेवून बसतात. काय म्हणतंय, असं मी विचारतो.

"काहीच नाही," ते म्हणतात, आणि आपलं नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला गेल्यासारखा चेहरा करतात.