कानडात दिलेली लेक

उमरग्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. बॅगा खाली घेते न घेते तोच समोरच्या काकू ओट्यावर आल्या, कपाळावर हात धरून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कवा निघालीस गं कानडातनं? यष्टीत जागा मिळाली का?"

मी दोन दिवस प्रवासात होते. तीन विमानं बदलली होती. पण हैदराबादपासूनचा शेवटचा टप्पा खरोखरच बसचा होता, म्हणून म्हटलं, "मिळाली, काकू."

"छातीवर बेलाचं पान लावलंस, ते बी बरं केलंस," म्हणत त्या आत गेल्या. माझ्या जाकिटाला आमच्या देशाचं लाल पान टोचलेलं होतं. आमच्या म्हणजे कॅनडाच्या.

काकूंना हसण्यात अर्थ नाही. आमच्या गावापासून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. अर्ध्या गल्लीत घरात कानडी, दारात मराठी. आम्हीही आईला अव्वाच म्हणतो. हद्दीपलीकडचा सगळा मुलूख म्हणजे 'कानडा', आणि दर दोन घरांआड एक तरी लेक कानडात दिलेली असतेच. वीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला तिकडं नोकरी लागली आणि भावानं गल्लीत सांगितलं, "ताई कॅनडाला चालली." गल्लीनं आपल्या ओळखीचा शब्द ऐकला. कॅवरचा चंद्र गळाला, त्याजागी काना लागला आणि मी हद्दीपलीकडच्या आळंदला जाऊन पडले.

पहिली काही वर्षं मी चिडून चिडून दुरुस्ती करायचे. माझा राग तसा नाकावरच असतो. पण गल्लीचं सोडा, अव्वाही 'कानडा'च म्हणायची. "लेक कानडात असती माझी." व्हिडिओवर मी तिला दारातला बर्फ दाखवला, तर म्हणाली, "कापूस लई झालाय गं औंदा तुमच्याकडं." तिला शाळा माहीत नाही, सही येत नाही, अंगठा उठवते. मी मनाशी ठरवून टाकलं की एवढं मोठं अंतर तिच्या डोक्यात मावत नसणार. शिकलेल्या लेकी आईबद्दल असं काहीबाही ठरवत असतात.

फोनचं मात्र तिचं पक्कं असायचं. रोज एक मिस कॉल. हिवाळ्यात तिच्याकडच्या रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. मी सकाळची फेरी संपवून गाडी लावते, हातमोजे काढते आणि फोन वाजतो. मला वाटायचं, उन्हाळ्यात ती लवकर जेवत असेल.

फेरी म्हणजे शाळेच्या बसची. मी शाळेची बस चालवते. आमचं तिकडचं गाव लहान, सपाट, आपल्याकडच्या माळासारखं, फक्त वर्षातले पाच महिने पांढरं. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर जोडून ठेवावी लागते. पहाटे अंधारात ती काढायची, काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि घरोघरची पोरं गोळा करायची. पोरं चढताना एकेक जण "गुड मॉर्निंग" म्हणतं आणि उतरताना "थँक यू" म्हणतं. सगळी म्हणतात, अगदी नाक पुसत पुसतसुद्धा. माझ्या बसचे लाल दिवे लागले की दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. ट्रकवालाही थांबतो. एका पोराला रस्ता ओलांडायचा असतो म्हणून अख्खा रस्ता उभा राहतो. मला त्याचा अभिमान वाटतो. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण उमरग्यात हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की 'आपला तो बाब्या' सुरू होतं, आणि कधी कधी ते मीच सुरू करते.

तिथं सगळे देव बसलेत असंही नाही. दुकानाच्या रांगेत एकदा एक म्हातारे बाबा मला म्हणाले, आपल्या घरी परत जा. मी म्हटलं, घरीच चाललेय, दूध घेऊन, तुम्ही जरा मागं सरका. मागची बाई खुदकन हसली. त्या दिवशी मला कळलं की मी 'घरी' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उमरगा नव्हता.

सात वर्षांपूर्वी मी तिथली नागरिक झाले. हात वर करून शपथ घेतली, राष्ट्रगीत म्हटलं आणि दुसऱ्या ओळीपर्यंत न पोचताच रडले. मग भारताचा पासपोर्ट जमा केला. त्यावर भोक पाडून परत देतात. ते भोक मी पुष्कळ वेळा बोटानं चाचपलंय. त्या दिवशी घरी जाऊन मी शिरा केला, अव्वाशी फोनवर अर्धा तास हसून हसून बोलले आणि ही एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

या खेपेला सांगायचंच असं ठरवून आले होते. कारण भावानं फोनवर सांगितलं होतं की अव्वा माझ्यासाठी खोली बांधतेय.

आल्या दिवशीच तिनं मला वर नेलं. गुडघे धरत, पायरीपायरीला थांबत. गच्चीवर एक नवी कोरी खोली, आत विलायती संडास, भिंतीत कपाट. खिडकी उत्तरेला. "थंडीची सवं हाय तुला," ती म्हणाली, "म्हनून खिडकी हिकडनं ठिवली. जावयाची नोकरी सपली की या दोघं." कपाटात तिनं आधीच एक गोधडी ठेवली होती. मी गोधडीवर हात फिरवला आणि म्हटलं, "छान झालीये खोली." सांगायचं टाळून काढलेला हा माझा पहिला पळ.

दुसरा पळ भाकरी थापताना, तिसरा महादेवाच्या देवळात. देवळात तर अगदी तोंडाशी आलं होतं, पण अव्वा बेल वाहताना म्हणाली, "देवा, लेकीला जवळ आन," आणि मग मला घंटाच वाजवावी लागली. बर्फात तीस पोरांची गाडी हाकणारी बाई मी, आणि आईसमोर चार शब्द निघेनात.

शेवटी शब्द काढले ते दुसऱ्याच कुणीतरी. मतदार यादी तपासायला अंगणवाडीच्या ताई आल्या. अव्वाचा मतदानावर भारी जीव. दर निवडणुकीला रांगेत पहिली उभी राहते आणि मग शाईचं बोट मला व्हिडिओवर दाखवते. त्यामुळं ताईंना खाटेवर बसवून लगेच चहा आला. ताईंनी भावाचं नाव वाचलं, वहिनीचं वाचलं, अव्वाचं वाचलं. मग थांबून आणखी एक नाव वाचलं. माझं, लग्नाआधीचं, मधे आप्पांचं, म्हणजे वडिलांचं नाव असलेलं. ते नाव मी कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आप्पांचं स्वतःचं नाव यादीतून कधीच गेलं होतं, माझ्या नावात तेवढं राहिलं होतं.

"ह्या कुठं असतात?" ताईंनी विचारलं.

"ही काय, बसलीया की तुमच्या म्होरं," अव्वा म्हणाली. "आता कायमचीच यायलीय. ठिवा नाव."

मी गप्प बसू शकले असते. एक नाव यादीत राहिलं तर कुणाचं काय जात होतं? पण हात वर करून शपथ घेतलेली मी, आणि बोटाच्या शाईला देवाच्या अंगाऱ्यासारखं जपणारी अव्वा. दोन्ही देशांशी एकदमच खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"नाव काढा, ताई."

"कारण लिवावं लागंल," ताई कागद चाळत म्हणाल्या. "मयत, कायमचं स्थलांतर, दुबार नाव, नायतर... भारताचे नागरिक नाहीत. ह्यातलं कुठलं?"

"शेवटचं."

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे काय गं?"

"म्हणजे मी आता तिकडची झाले, अव्वा. सात वर्षं झाली. तुला सांगितलं नाही."

अव्वा उठली. ताईंच्या हातातला अर्धा प्यालेला कप तिनं काढून घेतला, "च्या गार झाला, दुसरा आनती," म्हणाली आणि आत गेली. दुसरा चहा काही आला नाही. ताईंनी दिलेल्या अर्जावर मी सही केली. आप्पांचं नाव असलेल्या त्या नावानं केलेली ती माझी शेवटची सही. अक्षर शाळेतल्या पोरीसारखं आलं.

आत गेले तर अव्वा सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती. मी शेजारी बसले, मूठभर ज्वारी पुढ्यात ओढली आणि वेचायला लागले. तिनं माझ्या पुढ्यातल्या ज्वारीत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "दानं टाकायलीस आन् खडं ठिवायलीस."

"अव्वा, ऐक. कॅनडा म्हणजे कानडा नव्हे. ते लई लांब आहे. मी तुला कधी नीट..."

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"हिवाळ्यात साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. तुमी घड्याळ म्होरं-मागं करताव, त्ये बी ठावं हाय. आळंदच्या मानसाला फोन लावाय घड्याळ बघावं लागतंय व्हय?"

माझ्या हातातली ज्वारी हातातच राहिली. वीस वर्षं ही बाई वेड पांघरून पेडगावला जाऊन बसली होती, आणि शहाणी मी, तिला अंतर कळत नाही म्हणून तिची कीव करत होते.

"मग कानडा का म्हणत होतीस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तू गेलीस तवा तुज्या भावानं नकाशा दावला. बोट ठिवून म्हनला, आपन हितं, ताई तितं. मधी समदं निळं पानी. आठ दिस मला घास गिळंना. मग समोरचीनं इचारलं, लेक कानडात दिली व्हय गं? मी म्हनलं, व्हय. आन् बघ, त्या दिशी भूक लागली." तिनं पदरानं सुपाची कड पुसली. "कानडा म्हनलं की वाटतंय, लईच आठव आली तर उठावं आन् यष्टीत बसावं. न्हाय बसले कवा. पन बसता येतंय असं वाटतंय."

मी रडले. वय पन्नाशीला टेकलेलं, तरी सुपाशेजारी बसून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. अव्वानं रडू दिलं. मग म्हणाली, "सांगायचं हुतंस. सात वरसं पोटात ठिवलंस."

"तू तर वीस वर्षं ठेवलंस."

"मी आई हाय," ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच मिटला.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तिकडं मत देतीस का?"

"देते की."

"शाई लावत्यात?"

"नाही लावत."

"आगं बया." तिला खरंच वाईट वाटलं. "मग मत दिलं ह्ये लोकाला कळावं कसं?"

मी तिला शपथेचं सांगितलं, रडल्याचं सांगितलं, लाल दिवे लागले की ट्रकवालाही थांबतो ते सांगितलं. ट्रक थांबतो हे तिला काही केल्या पटेना. उमरग्याच्या हायवेवर ट्रक थांबतो तो ढाब्यापाशी, नाहीतर पंक्चर झाल्यावर. तिनं मला दोनदा विचारलं, "एका पोरासाटी?" मी दोनदा 'हो' म्हटलं. "मग चांगला हाय मुलूख," असं म्हणून तिनं सूप उचललं.

"आणि खोली?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आलीस म्हंजे झोपाय लागंलच की."

निघायच्या दिवशी तिनं शेंगाची चटणी बांधून दिली, इतकी की एक बॅग तिच्यातच गेली. रिक्षा आली. अव्वा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली. माझं मनगट धरून, कुणी कुणाचा आधार घेतलाय ते कळू नये अशी. समोरच्या काकू ओट्यावर होत्याच.

"निघालीस व्हय गं कानडाला?"

मी सवयीनं 'हो काकू' म्हणणार तोच अव्वा थांबली.

"कानडा न्हाय, बाई," ती म्हणाली. "कॅ... नडा." तो 'कॅ' तिनं तोंड वाकडं करून, जोर लावून काढला. "समुद्राच्या पल्याड हाय. तितली झाली ती आता, मत बी तितंच देती. बरफातनं साळंच्या पोरांची गाडी चालवती. तिची गाडी थांबली की ट्रक थांबत्यात."

काकू आ वासून बघत राहिल्या. "आगं बया! मग यष्टी कुठनं धरती ही?"

अव्वानं माझं मनगट सोडलं नाही. उलट जास्तच घट्ट धरलं.

"यष्टी न्हाय जात तितं," ती म्हणाली, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.