जहाजवालीचा अर्ज

"आजोबा, आईबद्दल चार ओळी लिहून द्या," तिच्या मुलीने मला सांगितलं. "आमच्या कामगारांच्या अंकात छापायच्यात." मी हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि ध्यानात आलं, की पंधरा-सोळा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो तरी मला तिचं माहेर कुठलं ते ठाऊक नाही. तिला भावंडं होती का, लहानपणी ती कशी होती, काही सांगता येणार नाही. मला तिची पावलं ओळखता यायची, इतकंच. लिहिण्याचीही मला सवय नाही. गोदामात मालाच्या चिठ्ठ्या लिहिण्यात नोकरी गेली, त्यात वाक्य पुरं करावं लागत नसे.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. तळघरात मोठमोठी यंत्रं, वाफ, आणि वॉर्डांतून ढकलत आणलेल्या गाड्या. रक्ताचे कपडे लाल पिशवीत येत, ते आधी वेगळे भिजवायचे. मग धुणं, पिळणं, इस्त्रीच्या गरम रुळांमधून चादर ओढून काढणं. त्या रुळांनी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आखल्यासारखे डाग उठवले होते. रोग्यांच्या अंगरख्यांचे खिसे तपासायचं कामही तिचंच. एकदा म्हणाली, "काका, आज दातांची कवळी सापडली. तीन वॉर्ड फिरले, कुणी आपली म्हणेना. लाजतात हो माणसं." आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसली.

आमच्या इमारतीत तिला सगळे जहाजवाली म्हणत. त्याची सुरुवात माझ्यासमोर झाली. सहा वर्षांच्या मुलीला हाताला धरून ती खोली बघायला आली होती. घरमालकीणबाई तळमजल्यावर दारातच खुर्ची टाकून बसतात. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "आणि मिस्टर?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "जहाजावर असतात."

"तसं असेल तर ठीक. एकट्या बाईला मी खोली देत नाही. नंतर डोक्याला ताप होतो."

मी पिशवी घेऊन जिन्यात उभा होतो. तो थांबलेला क्षण मला दिसला होता.

नंतर त्या एका शब्दाचा संसार झाला. नवऱ्याची रजा लांबली, नवऱ्याला दूरच्या मार्गावर घातलं, नवऱ्याला बढती मिळाली. कुणी विचारलं की ती थोडं थोडं पुरवायची. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'जहाजावर अधिकारी' असा लागला आणि उत्पन्नाच्या रकान्यातही शोभेलसा आकडा पडला. शाळेत कुणी पोरीला हिणवू नये, एवढंच तिच्या मनात असणार.

दुसऱ्या वर्षी तिने माझ्याकडून एका पाकिटावर पत्ता लिहून घेतला. पुरुषाचं नाव, कुठल्याशा गावातली गल्ली. महिन्याभराने पाकीट परत आलं. वर शिक्का: या पत्त्यावर राहत नाही. ती कामावर होती म्हणून पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी ते तिच्या दाराखालून आत सरकवलं. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही नाही. आमच्या हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही कशाला उघडायला जाता?"

मी गेलो नाही. नको तिथे गप्प बसायची मला जन्मजात सवय आहे.

मुलगी हुशार निघाली. शाळा संपली, चांगल्या कॉलेजात नाव लागलं, आणि फीचा आकडा आला. मुलगी आमच्या टेबलावर कागद पसरून बसली. मला म्हणाली, "आजोबा, तीन वाटा आहेत. एक, पूर्ण फीमाफी. त्याला घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत लागतं, आई आणि बाबा दोघांचं मिळून. दोन, गुणांवर अर्धी माफी. ती मला मिळेल, पण उरलेली अर्धी पण आपल्याला झेपणार नाही. तीन, कर्ज."

"मग पूर्ण माफी घे. आईचा पगार तर मर्यादेच्या आत आहे."

"बाबांचं उत्पन्न शाळेच्या नोंदीत आहे ना. ते धरलं तर आपण श्रीमंत आहोत." ती हसली, पण तिचं लक्ष आईकडे होतं. आई आमच्या दाराला टेकून उभी होती.

त्यावर एक तोड नियमातच होती. वडील पाच वर्षांहून जास्त काळ घर सोडून गेले असतील आणि काही देत नसतील, तर आईने तसं शपथेवर लिहून द्यायचं. मग चौकशीला माणूस येणार आणि दहा वर्षांपासून राहणाऱ्या शेजाऱ्याला विचारून खात्री करणार. ते जमलं की वडिलांचा रकाना कोरा धरला जातो.

"हात दाखवून अवलक्षण," आई दारातूनच म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवस तिच्या खोलीतून आवाज येत होते. एकदा मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, सगळ्यांना माहीत असतं गं!" तिसऱ्या दिवशी कामावरून परस्पर जाऊन ती प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन आली. मला दाखवलं. साडेतीन ओळींचं होतं. टाइप करणाऱ्याने विचारलं म्हणे, "बाई, एवढंच? भांडण, मारहाण, काही लिहायचं का?" ती म्हणाली, "नाही हो. तो फक्त गेला."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, चौकशीचा माणूस येईल. मी तुमचं नाव दिलंय. मालकीणबाईंच्या कानावर जायला नको, खोली जाईल. तुम्ही त्याला खरं ते सांगा. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही हे आत्ताच, वाचताना, कळेल. छापायचं की फाडायचं ते तिने ठरवावं.

तो माणूस भर दुपारी आला. हातात हेल्मेट, काखेत फाइल. मी दारात बसून चष्म्याचा स्क्रू पिळत होतो. मालकीणबाई त्याच वेळी गळणारा पाइप दाखवायला प्लंबरला घेऊन वर आल्या होत्या. त्या माणसाने आवाज खाली न आणता विचारलं, "नऊ नंबर आपणच ना? शेजारच्या बाईंचा नवरा इथे राहतो का हो?"

मालकीणबाई बोलायच्या थांबल्या. प्लंबरसुद्धा थांबला.

मी त्याला "आत या" म्हणायला हवं होतं. दोन शब्द. त्याला खुर्ची द्यायची, दार लोटायचं आणि सांगायचं, की तो माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. पण मालकीणबाईंचे डोळे माझ्यावर होते आणि मला वाटलं, हिची अब्रू आता माझ्या जिभेवर आहे. मी म्हणालो, "असतात... म्हणजे, जहाजावर असतात. येतात अधूनमधून."

"पैसे पाठवतात?"

"पाठवत असतील."

"असतील काय?" मालकीणबाई मध्ये पडल्या. "मागच्या वर्षी बढती मिळाली त्याला. तिनेच सांगितलं मला."

त्याने लिहून घेतलं, माझी सही घेतली. सही नेहमीसारखीच आली.

आमची ही आतून सगळं ऐकत होती. तो जिना उतरल्यावर म्हणाली, "अहो, मुके झाला असतात तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेलो. खिडकीपाशी दोन तास उभा राहिलो. आतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, काल तुम्ही सही करून एक सांगितलं, आज दुसरं सांगताय. मी कुठलं खरं धरू?"

"आजचं."

"उद्या तिसरं सांगाल. अहवाल पुढे गेला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सांगा."

महिन्याभराने पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण: वडील कुटुंबाच्या संपर्कात असल्याचे शेजारी, खोली क्रमांक नऊ, यांनी सांगितले. ती पत्र घेऊन एकटीच आमच्याकडे आली. मी उभा राहिलो आणि मला जे जमलं ते बोललो. माफी मागितली असावी, शब्द आठवत नाहीत.

"बसा काका," ती म्हणाली. "बारा वर्षं सगळ्यांना मीच शिकवलं. तुम्ही वेगळं काय बोलणार?" मग पत्राची घडी घातली, चादरीची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा लावून. "पोरीला फक्त नामंजूर झालं एवढंच सांगते. खोली नंबर कशाला."

ती मला बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

उरली कर्जाची वाट. मी जामीन राहतो म्हणून मायलेकींबरोबर बँकेत गेलो. तिथल्या तरुणाने अदबीने विचारलं, "वय?"

"एकाहत्तर."

"जामीनदार साठच्या आतला आणि पगारदार लागतो, आजोबा. शिवाय वडिलांची सही. नसतील तर मृत्यूचा दाखला."

"दाखला कुठून आणू?" ती म्हणाली. "मेलाय की नाही तेसुद्धा त्याने कळवलं नाही." बाहेर आल्यावर तिला कसलं तरी हसू आलं आणि ते लगेच गेलं.

कॉलेजची जागा गेली. मुलगी आईबरोबर धुलाईखात्यात लागली, एका वर्षापुरती. पुस्तकं खोक्यात घालून पलंगाखाली ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. या वेळी मी त्या हेल्मेटवाल्याला जिन्यातच गाठलं, घरात आणून बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. त्याने ते मानलंही. वडिलांचा रकाना कोरा झाला. पण आता घरात दोन पगार होते. दोघींचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर गेलं होतं. दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमएवढं.

"नोकरी केली नसती तर पात्र झाले असते," मुलगी म्हणाली.

"आणि खाल्लं काय असतं?" आई म्हणाली. नियम करणाऱ्याने हा प्रश्न कुणाला विचारला होता की नाही, मला माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी अर्ज आणलाच नाही. शाळा सोडून दोन वर्षांवर खंड पडला की नावच घेत नाहीत, असं मुलीने मला जिन्यात जाता जाता सांगितलं. दोघी सकाळी बरोबर निघायच्या, संध्याकाळी बरोबर यायच्या. मुलीच्या हातांवरही रुळांचे डाग उठायला लागले होते. त्या दिसल्या की मी दाराआड होत असे. हे लिहायला लाज वाटते, पण होत असे. ती मात्र दारावरून जाताना काही ना काही बोलूनच पुढे जायची.

गेल्या हिवाळ्यात ती कामावरच गेली. दोघी मायलेकी चादरीची घडी घालत होत्या, एक टोक हिच्याकडे, दुसरं तिच्याकडे. मुलगी म्हणते, आईच्या हातचं टोक एकदम हलकं झालं. डॉक्टर वरच्याच मजल्यावर होते, पण उपयोग झाला नाही. बेचाळिसावं वर्ष होतं.

त्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास मी कचऱ्याची बादली घेऊन दाराबाहेर आलो आणि ती समोरच उभी होती, चपलेचा पट्टा लावत. आड व्हायला जागा नव्हती.

"काका, नळाला पाणी आलंय," ती म्हणाली. "धार बारीक आहे. लवकर भरून घ्या, जाईल."

"हो," मी म्हणालो. "भरतो."