मळईवरचं आरक्षण

पवनेच्या काठी आमची मळई होती. पूर ओसरला की नदी तिथं गाळ टाकून जायची आणि त्या गाळात आबा, म्हणजे माझे वडील, नि काका वांगी, गवार, कोथिंबीर काढायचे. मी शाळेत होते तोवर आमचं घर या भाजीवरच चालायचं. मग आसपास कारखाने आले. आबांना कंपनीत नोकरी लागली आणि त्यांच्या शिफ्टवर घराचं घड्याळ चालू लागलं. मजुरी करणारी माणसंही कंपनीच्या गेटवर उभी राहू लागली. काकांनी एकट्यानं मळई दोनतीन वर्षं ओढली आणि सोडून दिली.

अशात नव्या नगरपालिकेनं शहराचा आराखडा केला. कचेरीच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. आमच्या मळईवर हिरवा रंग होता. बागेसाठी आरक्षण. बाग करायला नगरपालिकेकडे तेव्हा पैसा नव्हता, पण जागा मात्र अडकली.

आबा घरी येऊन चिडले. "बांधायचं न्हाई, इकायला गेलं तर घ्यायला कुणी न्हाई. मग आमी काय करायचं? काठावर बसून मासं मोजायचं?"

त्याच रात्री त्यांनी मला हरकतीचा अर्ज लिहायला बसवलं. दोघा भावांनी खाली सह्या केल्या, अर्ज दिला आणि तो तिथंच पडून राहिला. वर्षांमागून वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी भोसरीला गेले.

माहेरी यायचे तेव्हा मळईवर चक्कर असायचीच. आधी नुसती हराळी नि घाणेरी माजली होती. नंतर बाभळी उठल्या. पुरानं कुठूनतरी आणलेलं करंजाचं बी रुजलं, मळईतल्या जुन्या विहिरीच्या कडेला उंबर आला. पूर्वी दर पावसाळ्यात काठ ढासळायचा, तो मुळांनी धरून ठेवला. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबू लागली. मुंगसाची जोडी तर आम्हाला बघून पळायचीसुद्धा नाही.

हे कुणी लावलं नव्हतं. जागा अडकली म्हणून कुणी हात लावला नाही आणि हात लावला नाही म्हणून ते आलं.

आबांना त्याचा लळा कधी लागला ते आम्हाला कळलंच नाही. पहिली शिफ्ट करून आले की चहा पिऊन ते तिकडे जायचे. सरपणाला कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तर भांडायचे नाहीत, विडी पुढे करायचे, शेजारी बसवायचे. "वाळलेलं घिऊन जा की भावा. वलं कशाला तोडतो?" म्हणायचे.

आणि मग एके दिवशी हरकतीच्या सुनावणीचं बोलावणं आलं.

त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून दोघांबरोबर कचेरीत गेले. टेबलामागचे साहेब आराखड्याचं काम बघायचे. त्यांनी आमचा जुना अर्ज वाचून दाखवला आणि म्हणाले, "तुमची हरकत रास्त आहे. आरक्षण उठवता येईल."

आबा उभे राहिले. "साहेब, आता आमची हरकत न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच."

साहेबांनी चष्मा काढला. "आरक्षण उठवा म्हणणारे रोज येतात. ठेवा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

तेवढ्यात मागून काका बोलले. "अर्जावर माझीबी सही हाय. मी हरकत मागं घेत न्हाई."

आबांनी वळून भावाकडं बघितलं आणि साहेबांना नमस्कार करून ते बाहेर पडले.

घरी आल्यावर काकांनीच तोंड उघडलं. "दादा, तुला कंपनीचा पगार हाय. माझी पोरं दुसऱ्याच्या लेथवर राबत्यात. चार पत्रं टाकून त्यांना सोताचं वर्कशॉप काढू दे. झाडाखाली बसून माझं पोट न्हाई भरत."

काका खोटं बोलत नव्हते.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः स्कूटरवर जागा बघायला आले. काकांचं वर्कशॉपचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, मग बाभळीखाली बराच वेळ उभे राहिले. खंड्यानं पाण्यात सूर मारला तो त्यांनीही पाहिला. जाताना आबांना म्हणाले, "नकाशा करायच्या वेळी इथं येऊन बघायला हवं होतं. बाग लिहिलं, तिथंच चुकलं. नदीचा काठ म्हणून सबंध राखून ठेवायला हवा होता, अन् तुमच्या भावाच्या पोरांना दुसरीकडं जागा द्यायला हवी होती. आता माझ्या हातात फार नाही."

हातात होतं तेवढं त्यांनी केलं. पाण्यालगतची एक पट्टी हिरवी ठेवली, बाकीची मळई मोकळी केली. पट्टीला कुंपण घालायचं ठरलं होतं. पण साहेबांची बदली झाली आणि कुंपण राहून गेलं.

शेड उभ्या राहिल्या. विहीर बुजवली, उंबर गेला. त्या वर्षी सुगरणी आल्या नाहीत. शेडच्या पायासाठी आणलेला राडारोडा उरला तो पट्टीतच लोटला गेला, कारण ती आता कुणाच्याच कामाची नव्हती. आबा सुट्टीच्या दिवशी घमेलं घेऊन तो उपसायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, पाठ दुखेल." त्यांनी पुढचं घमेलं भरलं.

काकांच्या पोरांचं काम मात्र चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात पत्रे इतके तापायचे की दुपारी आत बसवत नसे. मग काका भाकरी घेऊन उरलेल्या करंजांखाली येऊ लागले. आबा तिथं असायचेच. दोघं भाऊ न बोलता जेवायचे.

एकदा त्यांना ताक द्यायला मी गेले होते. काका मागच्या शेडकडं बघत म्हणाले, "दादा, झाडांना आजून थोडं सोडाय पायजे हुतं."

"व्हय," आबा म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा काकांच्या पुढ्यात सरकवला.