तीन वह्यांच्या काकू

"घाई नाही. नीट सांग, तू आता काय करतेस?"

असं म्हणून काकू फाशांवर तळहात ठेवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत उचलायच्या नाहीत. समोरचा माणूस तिशीचा असो की सत्तरीचा, तो गुहेत शिरतोय की बाहेर थांबतोय, हे त्याला विचार करून सांगावंच लागायचं.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या या काकू तीसएक वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका भजनाला जायला लागल्या, परसात कढीपत्ता लावायला लागल्या. काकू टेबलाशी बसून गोष्टींचे खेळ चालवायच्या. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण ठरवायचं, ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. अशी एक गोष्ट, म्हणजे एक कॅम्पेन, कित्येक वर्षं चालते. काकूंचा मुलगा शाळेत असताना त्याचे मित्र त्यांच्या डायनिंग टेबलावर हा खेळ खेळायचे. पुढे मुलगा कॉलेजला गेला, मित्र यायचे थांबले, पण खेळाने काकूंना सोडलं नाही.

माझी ओळख झाली गणपतीच्या पॉटलकला, जिथे प्रत्येकजण घरून एकेक पदार्थ आणतो. मी नुकतीच ह्यूस्टनमध्ये नोकरीला लागले होते. वाटली डाळ वाढता वाढता काकूंनी विचारलं, "शनिवारी दुपारी मोकळी असतेस का?" मला वाटलं, आता ओळखीतला एखादा मुलगा दाखवणार. मनाची तयारी करून, जरा बरा ड्रेस घालून गेले. टेबलावर सात बेटांचा नकाशा, चिवडा आणि तीन अनोळखी माणसं. "तू नावाडी हो," काकू म्हणाल्या. "आमचा नावाडी सिएटलला गेला."

मी सहा वर्षं नावाडी होते.

काकूंच्या अशा तीन गोष्टी एकाच वेळी चालू असायच्या. मंगळवारी त्यांच्या हॉस्पिटलमधल्या तीन निवृत्त नर्सेस यायच्या. त्यांची गोष्ट साथ पसरलेल्या राज्यातून फिरणाऱ्या दवाखान्याची. गुरुवारी काकांचे चार मित्र, सगळे निवृत्त इंजिनियर. ते एका शापित नदीवर धरण बांधत होते, आणि राक्षस समोर उभा असतानाही काँक्रीटच्या मिश्रणावरून भांडायचे. शनिवारी आम्ही चौघं, सातव्या बेटावरचा विझलेला दीपस्तंभ पेटवायला निघालेले. मंगळवारची वही लाल, गुरुवारची निळी, आमची हिरवी. वही उघडायची वेळ मात्र क्वचितच यायची. दोन वर्षांपूर्वी वाटेत भेटलेल्या म्हातारीच्या बकरीचं नावसुद्धा काकूंना पाठ असायचं.

मग एका शनिवारी आमच्या बेटावर एक सुईण आली आणि राणीचा ताप उतरला का, असं विचारायला लागली. आमच्या गोष्टीत राणीच नव्हती. आमच्यातला निखिल खूश झाला. "काकू, दोन गोष्टी एकत्र केल्यात? भारी आहे यार." काकू हसल्या, पण जरा उशिरा.

पुढच्या शनिवारी एक वादळ आलं, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तेच वादळ पुन्हा आलं, अगदी शब्दशः तसंच. मी बोलून गेले, "काकू, हे झालं ना मागच्या वेळी. नाव फुटली, आपण ती दुरुस्तही केली."

काकूंनी वहीची पानं मागेपुढे केली. "तुमचं लक्ष आहे का बघत होते," म्हणाल्या. बाकीचे हसले. मी शेजारी बसले होते, त्यामुळे मला पान दिसलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'शनिवार. बेटं. राणी नाही.' खाली आमची चौघांची नावं, आणि माझ्या नावापुढे, 'नावाडी. चहात साखर नको.'

सगळे गेल्यावर मी कप विसळत होते. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वाचलंस ना?"

"हो."

"अल्झायमर आहे. डॉक्टर माझ्याशी गोड बोलायला लागला तेव्हाच मला कळलं." त्यांनी कप हातातून घेतला आणि पुसायला लागल्या. "काकांना माहीत आहे. टेबलावर कुणाला सांगायचं नाही. माझी दया येऊन कुणी खेळलेलं मला चालणार नाही."

मी नळ बंद केला.

"तिन्ही गोष्टी संपवायच्यात मला. पेशंट टेबलावर असताना मी कधी घरी गेले नाही. तू शेजारी बस. मी चुकले की वहीत बोट ठेव. तोंडाने बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य मी सगळ्यांसमोर वादळाचं बोलून गेले होते त्यावर होतं, ते मला लागलं. मंगळवार-गुरुवार मी घरून काम करायची परवानगी घेतली आणि काकूंच्या घरून काम करायला लागले.

आधी संपलं धरण. ज्या दिवशी नदी अडली, त्या दिवशी चारही म्हातारे उठून उभे राहिले आणि एकेकाने काकूंशी हस्तांदोलन केलं. एकाने इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितला. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निळ्या वहीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

नर्सेसचं इतकं सोपं झालं नाही. विहिरींत विष कुणी कालवलं, हे त्या दिवशी उघड व्हायचं होतं. काकू बोलता बोलता थांबल्या. मी पानावर बोट ठेवलं. त्यांनी शब्द वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. त्या शब्दाचा त्यांना काही अर्थ लागत नव्हता. मग मार्था, सगळ्यांत वडील नर्स, हळूच म्हणाली, "डॉक, मला वाटतं राजवैद्यानेच विष टाकलं. मी त्याला पकडते." दुसरी म्हणाली, मी दार अडवते. तिसरीने फासे टाकले. तिघींनी मिळून गोष्ट पार नेली आणि काकू मान डोलावत राहिल्या.

गाडीपाशी मार्था मला म्हणाली, "आम्हाला गेल्या वर्षीच कळलं होतं. आम्ही नर्सेस आहोत. तिला वाटतंय आम्हाला दिसत नाही. वाटू दे."

आमची बेटं राहिली. आम्ही दीपस्तंभाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो होतो. एकाच दुपारचं काम उरलं होतं. त्या शनिवारी काकू टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझी वही कुठे आहे?"

मी हिरवी वही पुढे केली.

"ही नाही. माझी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तूच नेलीस. सारखी येतेस तू माझ्या घरात. काय शोधत असतेस?"

निखिल आणि बाकीचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं, म्हणून मला काहीच बोलता येईना. चोरी पकडल्यासारखी बसून राहिले. काकांनी येऊन काकूंना आत नेलं. आतून त्यांचा आवाज येत होता, "तिला आधी जायला सांगा." मग मी तिघांना सगळं सांगितलं. त्या टेबलावर आम्ही पुन्हा खेळलो नाही.

नंतर एकदा आम्ही चौघं निखिलकडे जमलो, गोष्ट संपवायचीच म्हणून. गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. पिझ्झा खाऊन घरी गेलो.

काकूंना अशा आजाराच्या लोकांसाठी असलेल्या एका घरात ठेवलं. खूप दिवस मला जायचा धीर झाला नाही. त्यांनी मला पुन्हा चोर म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं, आणि ओळखलंच नसतं तर तेही नाही. शेवटी एका रविवारी दुपारी गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी खुर्ची ओढून त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सात बेटं, वादळ, फुटलेली नाव, आणि पायऱ्या चढून वर गेल्यावर लागलेला दिवा. हा शेवट मी गाडी चालवताना रचला होता. फार चांगला नव्हता.

काकूंनी पाहुणीचं ऐकावं तसं आदबीने ऐकलं. मग माझा हात ओढून घेतला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या.

"जरा वेगात आहे," त्या म्हणाल्या. "काळजीचं काही नाही. इथे पड थोडा वेळ. मी आहे."

त्यांनी सरकून जागा केली. मी बूट काढले आणि आडवी झाले.