फरकबाई

फरकबाईंचं खरं नाव विद्यापीठाच्या हजेरीपटावर होतं आणि बहुधा तेवढ्यापुरतंच होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या फरकबाई. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, की दुसऱ्यात काय बदललंय हे त्या समोरच्याचा चष्मा नाकावर बसायच्या आत सांगून मोकळ्या व्हायच्या. हे नाव कोणीतरी चेष्टेत पाडलं आणि त्यांनी मुकाट्याने घेतलं. चेष्टेत का होईना, कोणी हाक मारत होतं हे काय कमी होतं?

बाविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे खगोलशास्त्राचा विभाग होता. वेधशाळेतून आकाशाचे काचेवर घेतलेले फोटो यायचे. आकाशाचा तुकडा एकच, पण मधे काही आठवडे गेलेले. दोन्ही काचा यंत्रात बसवायच्या, डोळा लावायचा आणि एक खटका खालीवर करत राहायचं. खटक्यासरशी कधी ही काच दिसायची, कधी ती. हजारो तारे जागचे हलत नसत, पण एखादा ठिपका लुकलुकायचा. मग तो खरा की काचेवरचा डाग, हे ठरवत बसायचं. असं अकरा वर्षं चाललं. त्यांनी शोधलेल्या ठिपक्यांवर मोठमोठ्यांचे निबंध छापून आले आणि प्रत्येकाच्या शेवटी साहाय्यकांचे आभार मानलेले असत. त्या अनेकवचनात फरकबाई एकट्याच होत्या.

पुढे काचा गेल्या, संगणक आले, आणि फरक शोधायला बाईमाणसाची गरज उरली नाही. त्यांना मधल्या मजल्यावर वैद्यकीय संशोधनात पाठवलं. तिथे मधुमेही लोकांच्या डोळ्यांच्या आतले फोटो बघायचे आणि रक्ताचे बारीक ठिपके मोजायचे. तेही काम पंधरा वर्षांनी आटोपलं, तेव्हा तळमजल्यावर दातांच्या विभागात जागा निघाली. "आधी आकाशात, मग डोळ्यात, आता तोंडात," वहिनी फोनवर हसून म्हणाली होती. "आणखी खाली कुठे जाणार आता?" फरकबाईही हसल्या. वहिनीचं काही चुकलं नव्हतं. त्याखाली फक्त तळघर होतं आणि त्यात मोडकी कपाटं.

भाऊ आणि वहिनी दुसऱ्या शहरात असत. रविवारी सकाळी भावाचा फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, भाच्याच्या परीक्षेचं निघायचं, आणि मग दोघंही काय बोलावं याचा विचार करत फोन धरून राहायचे. आई होती तोवर घरात आवाज होता. आईचं दुखणं लांबलं, त्यात लग्नाचं वय निघून गेलं, असं नातेवाईक म्हणत. तसं वहिनीने एकदा ओळखीतून एका गृहस्थांचा फोटो पाठवला होता, भेटही ठरली. चहा येण्याआधीच फरकबाई सरळ बोलून गेल्या, की फोटोत आणि तुमच्यात निदान आठ वर्षांचा फरक आहे, कपाळावरची केसांची रेघ बोटभर मागे गेली आहे. गृहस्थ चहा न घेताच उठले. वहिनीने कपाळाला हात लावला. फरकबाईंना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, की आपण खोटं काय बोललो.

तर दातांच्या विभागातलं काम असं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या तीनशे चाळीस लोकांवर एक अभ्यास चालू होता. हाडं बळकट करणारी एक गोळी जबड्याचं हाड झिजणंही थांबवते का, हे बघायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कोणाला कुठली, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. ती यादी दूरच्या एका शहरात एका आकडेतज्ज्ञाच्या कुलपात होती. दरवर्षी प्रत्येकाच्या जबड्याचा एक्स-रे निघायचा. नाव कापून टाकायचं, दरवेळी नवा नंबर चिकटवायचा (कुठला नंबर कोणाचा, तेही त्याच कुलपात), सगळ्यांचा क्रम पिसून टाकायचा आणि मग त्या फिल्म फरकबाईंकडे यायच्या. त्यांनी दिव्याच्या काचेवर फिल्म ठेवायची, भिंग लावायचं आणि दाताच्या मुळाशी हाड कुठवर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहायचं. फिल्म कोणाची, गोळी कुठली, यातलं काहीच त्यांना कळता कामा नये. कळलं तर माणूस नकळत आपल्याला हवं तसं मोजतो, आणि मग त्या मोजण्याला काडीची किंमत राहत नाही.

नियमच असा होता, म्हणून त्यांना सगळ्यांपासून लांब ठेवलं होतं. खोली बोळाच्या टोकाला होती. रुग्णांचा जिना वेगळा. अभ्यासाच्या कामावरची माणसं समोरून आली, तर नुसती मान हलवून पुढे जात, न जाणो बोलता बोलता काही निसटायचं. जेवणाची सुट्टीसुद्धा त्यांची अर्धा तास आधी. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण नऊ वर्षं माणूस अशा शिस्तीत राहिला, की शिस्त आणि एकटेपण यांतला फरक फरकबाईंनाही सांगता आला नसता.

आणि इथेच त्यांच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या कोणाच्या हातून झालीही नसती. तिसऱ्या वर्षी त्यांना जबडे ओळखू यायला लागले.

नंबर बदलेल, पण दात कसे बदलतील? एकाचे सगळे दात पुढे रेटलेले, दारात गर्दी झाल्यासारखे. त्याला त्या घाईवाले म्हणत. एकाच्या दातांत इतक्या भरण्या होत्या, की त्याचं नाव ठिगळे पडलं. त्या मुद्दाम ओळखायला गेल्या नव्हत्या. आयुष्यभर ज्या डोळ्यांना हेच शिकवलं, त्यांना आता विसरा म्हणून कसं सांगायचं? वेळीच सांगायला हवं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सांगितलं की खोली जाणार. खोली गेली की राहिलं घर, आणि घरात कोण होतं? त्या मूग गिळून बसल्या. मोजण्यात मात्र त्यांनी कधी केसभर लबाडी केली नाही. भिंगाखाली जे दिसेल तेच लिहिलं.

त्या साऱ्यांत त्यांचा जीव होता तो टेकूवर. टेकूची डावीकडची खालची एक दाढ पहिल्याच वर्षी काढलेली होती, आणि पलीकडची दाढ दरवर्षी त्या मोकळ्या जागेत थोडी थोडी कलत चालली होती, तिला टेकू द्यावा असं वाटायचं, म्हणून हे नाव. दात वरून झिजलेले. झोपेत दात खायची सवय असणार. चौथ्या वर्षी एक दात तुटला तो तीन वर्षं तसाच राहिला. फरकबाईंना वाटायचं, याला डॉक्टरकडे जा म्हणणारं घरी कोणी नसावं. टेकू पुरुष की बाई, हे त्यांना माहीत नव्हतं. फिल्म हातात आली की त्या म्हणायच्या, "या वर्षी बरं धरलंय हो हाड," आणि मग आपलाच आवाज ऐकून दाराकडे बघायच्या.

दहाव्या वर्षीच्या फिल्म आल्या. अभ्यास संपायला दोन वर्षं होती, फरकबाईंच्या निवृत्तीलाही तेवढीच. एका सकाळी टेकू आला. त्यांनी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात गेल्या वर्षीची फिल्म काढली, ही ठेवली, ती ठेवली, आणि उजवीकडे शेवटच्या दाढेखाली काहीतरी लुकलुकलं.

छाया होती. वाटाण्याएवढी. त्यांनी फिल्म पुसली, उलटी करून बघितली, तिरपी धरून बघितली. डाग नव्हता. साध्या गाठीची कड स्वच्छ असते, एवढं इतक्या वर्षांत त्यांना कळत होतं. हिची कड कुरतडल्यासारखी होती. त्यांनी मोजणी बाजूला ठेवली. त्यांना भीती वाटत होती, आणि त्यातली किती टेकूसाठी आणि किती स्वतःसाठी, हे त्यांनी मोजलं नाही.

मग त्या उठल्या आणि दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. ही डॉक्टर अभ्यासाची प्रमुख. वयाने त्यांच्या भाच्याहून थोडीच मोठी, हुशार, नाकासमोर चालणारी. फरकबाईंना आपल्या दारात बघून ती आधी बोळात इकडेतिकडे बघून आली. मग तिने फिल्म दिव्यावर धरली. म्हणाली, की अशा छाया पुष्कळांना असतात, वीस-वीस वर्षं असतात आणि काही करत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लिहा. चार महिन्यांनी समितीची बैठक आहे, त्यात बघू. त्याआधी यादी उघडायची तर ठोस कारण लागतं.

"ही गेल्या वर्षी नव्हती," फरकबाई म्हणाल्या.

"बाई, ही फिल्म कोणाची आहे हे मलाही माहीत नाही. गेल्या वर्षी नव्हती हे तुम्ही कशावरून सांगताय?"

फरकबाईंना क्षणभर वाटलं, शेरा लिहावा आणि परत जावं. नियमातही ते बसत होतं. कोणी त्यांना बोल लावला नसता.

"मी ओळखते यांना," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच ओळखते. तीनशे चाळीसमधले तीनशे तरी. सात वर्षं झाली."

डॉक्टर हळूच खुर्चीवर बसली. एवढी वर्षं का बोलला नाहीत, असं तिने विचारलं. फरकबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की बोलले असते तर तुम्ही मला काढलं असतं, आणि मला जायला दुसरी जागा नव्हती. डॉक्टरच्या चेहऱ्यावर राग होता, तो रास्तच होता. तीन हजारांवर फिल्म आता दोन नव्या माणसांकडून पहिल्यापासून मोजून घ्याव्या लागणार होत्या. अभ्यास वर्षभर लांबणार होता. लोक हसणार होते. तिने फोन उचलला आणि आकडेतज्ज्ञाला तो नंबर सांगून नाव काढायला लावलं. फरकबाईंना तिने हाताने बाहेर थांबायची खूण केली. नाव त्यांच्या कानावर पडायला नको होतं. आता काय फरक पडणार होता म्हणा, पण सवय ती सवय.

त्याच आठवड्यात फरकबाईंचं काम थांबलं. उरलेल्या दोन वर्षांसाठी त्यांना ग्रंथालयात, जुन्या मासिकांच्या विभागात टाकलं. त्या खोलीतलं आपलं भिंग, शाल आणि पाण्याची बाटली पिशवीत भरत होत्या, तेव्हा डॉक्टर दारात येऊन उभी राहिली.

तिने सांगितलं, की तपासणी झाली, तुमचं म्हणणं खरं निघालं. वाईटच होतं, पण अगदी सुरुवातीला सापडलं. चार महिने थांबलो असतो तर वेगळंच काही सांगावं लागलं असतं. "मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे, समोरच्या रुग्णालयात. याहून जास्त मला सांगता येणार नाही, बाई."

फरकबाईंनी एवढंच विचारलं, की बरोबर घरचं कोणी आहे का?

"तेही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली, आणि लगेच गेली नाही. थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली.

फरकबाईंनी ग्रंथालयात मंगळवारच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी काय लिहावं हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी घरगुती असं लिहिलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर जाऊन बसल्या. तिथे खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या आणि माणसं घोळक्या-घोळक्याने बसली होती. कोणी थर्मासमधून चहा ओतत होतं, कोणी हलक्या आवाजात फोनवर बोलत होतं. एका बाईने त्यांना विचारलं, की तुमचं कोण आहे आत? फरकबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. आपण इथे कशाला आलो, हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. चेहरा दिसला तरी ओळखता येणार नव्हता. नऊ वर्षं ज्याला आतून बघितलं, तो माणूस रस्त्यात शेजारून गेला असता तरी त्यांना कळलं नसतं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

दार उघडायचं, नर्स बाहेर यायची, एखादा घोळका उठून तिच्याभोवती जमायचा आणि जीव भांड्यात पडल्यासारखे चेहरे घेऊन आत किंवा खाली जायचा. साडेअकरापर्यंत रांगा निम्म्या रिकाम्या झाल्या.

मग नर्स पुन्हा आली. "जबड्याच्या पेशंटबरोबर कोण आहे?"

कोणी उठलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. नर्सने हातातला कागद बघितला आणि पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने आमचा पाय आहे म्हणून सांगितलं. फरकबाईही दोन्ही वेळा जिन्याकडे बघत राहिल्या, कोणी धावत येतंय का म्हणून. जिना रिकामा होता. नर्स आत जायला वळली, तेव्हा त्या उठल्या.

"तुम्ही आहात का बरोबर?" नर्स जवळ आली. "मग बोलायचं नाही का? फॉर्मवर तर कोणाचंच नाव नाही. ऑपरेशन चांगलं झालंय. पेशंट शुद्धीवर आलाय, पण तोंड बांधलंय, बोलता येत नाही. हाताने सारखं विचारतोय, बाहेर कोणी आहे का. काय सांगू?"

नातं विचारलं तर फरकबाईंकडे सांगायला नातं नव्हतं. पेशंटचं नाव विचारलं असतं तर तेही माहीत नव्हतं. नर्सने दोन्ही विचारलं नाही. तिला घाई होती, आणि ती नुसती उत्तराची वाट बघत उभी होती.

"सांगा," फरकबाई म्हणाल्या, "आहे म्हणून."