सेल्वमच्या विरोधात माझी सही

सेल्वम मंगळवारी दुपारी गेला. त्याच्या मुलीला त्याच्यापासून तोडायचा प्रयत्न मी केला होता.

दोन दिवस सगळे फोन करून म्हणताहेत, "तू त्यांच्यासाठी किती केलंस!"
ऐकून कान किटले. म्हणून हे लिहितोय.

सेल्वम माझ्या ताईचा नवरा. इथलाच, सिंगापूरचा तमिळ. हार्बरफ्रंटला एका शिपिंग ऑफिसात होता.
त्यांची मुलगी मीनू तीन वर्षांची असताना त्याला अपघात झाला. कमरेखालचं सगळं गेलं. व्हीलचेअर आली.

दोन वर्षांनी ताई मीनूला घेऊन क्वीन्सटाउनच्या घरातून निघाली आणि क्लेमेंटीला माझ्या फ्लॅटवर आली.
ताई वाईट नव्हती हो. थकली होती. घाबरली होती.

तिला मीनूला घेऊन पुण्याला परत जायचं होतं. सेल्वम म्हणाला, मुलगी माझ्याकडेच राहील.
प्रकरण कोर्टात गेलं.

मी ताईच्या बाजूने एफिडेव्हिट दिलं. आयटीतला माणूस मी, अगदी मुद्देसूद लिहिलं.
"मूल रस्त्यावर धावत सुटलं, तर वडील त्याच्यामागे धावू शकत नाहीत."
हे वाक्य माझं. ताईच्या वकीलबाईंना फार आवडलं होतं. मलाही.

दर शनिवारी मीनूला त्याच्याकडे न्यायचं आणि दिवसभर बरोबर थांबायचं, हे काम माझ्याकडे होतं.
खरं काम वेगळंच. तो कुठे कमी पडतो ते बघायचं आणि ताईला सांगायचं.
त्याला ते कळत होतं. तरी तो मला "मच्चान" म्हणायचा, म्हणजे मेव्हणा, आणि माझी कॉफी आधीच सांगून ठेवायचा.

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी त्याने सिनेमाची तिकिटं काढली. तमिळ सिनेमा. अपंग बाप मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात लढतो.
मी मनात म्हटलं, झालं! आता हा मला रडवणार.

शेवटी हिरो कोर्टात लांबलचक भाषण करतो आणि जजसाहेब चष्मा काढून डोळे पुसतात. सगळं थिएटर मुसमुसत होतं.
सेल्वम खो खो हसत होता.
"मच्चान, माय जज नेव्हर इव्हन लुक अप, लाह!" इथल्या सवयीचं "लाह" जोडून तो म्हणाला.
मीनूला काही कळलं नव्हतं, पण अप्पा हसले म्हणून तीही हसली.

बाहेर आल्यावर तो टॉयलेटला गेला. त्याला वेळ लागायचा.
"होल्ड हर हँड, ओके?" एवढं सांगून गेला.

मी लगेच ताईला फोन लावला. रिपोर्ट द्यायला. टॅक्सीत बसायला त्याला किती वेळ लागला, पॉपकॉर्न कसं सांडलं, सगळं.
बोलता बोलता खाली बघितलं.
मीनू नव्हती.

हार्बरफ्रंटचा मॉल, शेजारीच धक्का, फेरीबोटीच्या प्रवाशांची गर्दी. बॅगा ओढणारी माणसं. मी एस्केलेटरने खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. खेळण्यांच्या दुकानात घुसलो. हाका मारून घसा बसला.
ताई फोनवर "अरे, काय झालं?" विचारत होती. मी फोन कट केला.
पाच वर्षांची पोर, आणि पलीकडे समुद्र. दोन धडधाकट पाय असून धावायचं कुठे, ते मला कळत नव्हतं.

सेल्वम बाहेर आला. माझं तोंड बघूनच त्याला समजलं.
ओरडला नाही. "लिफ्ट," एवढंच म्हणाला आणि चाकं फिरवली.

मीनू लिफ्टच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती.
चुकामूक झाली तर लिफ्टपाशी थांबायचं, हे त्याने तिला शिकवलं होतं. अप्पा दुसऱ्या कुठून येऊच शकत नाहीत ना.
मला बघून ती वैतागली.
"अप्पा, मामा गॉट लॉस्ट, लाह! आय वेट सो लाँग!"
मी तिथेच खाली बसलो आणि रडलो.

आता हुकमाचा पत्ता त्याच्या हातात होता. सुनावणी गुरुवारी. मुलगी मामाने हरवली, एवढं त्याने लिहून दिलं असतं तर माझं ते लाडकं वाक्य कचऱ्यात गेलं असतं.
टॅक्सी स्टँडवर मी विचारलंच, "वकिलाला सांगणार?"
"नो," तो म्हणाला. "वन डे शी विल रीड ऑल धिस. हियर शी हॅज ओन्ली वन मामा."

मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. बुधवारी त्याच्याच वकिलाकडे गेलो आणि दुसरं एफिडेव्हिट दिलं. त्या शनिवारी घडलं ते सगळं.

ताईला आधी सांगितलं होतं. ती ओट्याशी उभी होती.
"तू माझा भाऊ आहेस ना रे?" एवढंच तिने विचारलं.


मीनू सेल्वमकडे राहिली. सुट्टीत पुणे. ताई परत गेली आणि दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

सेल्वमने पोर वाढवली. वेण्या घातल्या, डबे भरले. पोहायला शिकवायचं म्हणून स्वतः पाण्यात उतरला, आणि पाण्यात तो माझ्यापेक्षा बरा होता.
मीनू आता सोळा वर्षांची आहे.

काल सगळे विधी झाल्यावर तिने अप्पांच्या कपाटातून कोर्टाची फाइल काढली. त्याने तिच्या नावाने ठेवलेली. त्यातलं माझं दुसरं एफिडेव्हिट तिने वाचलं आणि माझ्या गळ्यात पडली.
"मामा, यू स्टूड अप फॉर अप्पा."

मी फाइल चाळली. पुन्हा एकदा चाळली.
माझं पहिलं एफिडेव्हिट त्यात नाही. सेल्वमने ते काढून टाकलंय.
समोर पुण्याहून आलेली ताई बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मीनूला मराठी वाचता येत नाही. ती आत्ता आतल्या खोलीत ताईजवळ आहे. हे पोस्ट केलं की मी आत जाऊन तिला सगळं सांगणार आहे.
आधी इथे लिहिलं, कारण मी स्वतःला ओळखतो. दारातून परत फिरलो असतो.

सेल्वम, तू मला सांभाळून घेतलंस. पण तुझ्या लेकीची ती मिठी मला फुकटची नको आहे.
शांतपणे जा, मच्चान. मी आत जातो.