मी दादाच्या हातात विणायची सुई खुपसली

शिव्या द्याच, पण आधी पुरतं वाचा.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं विणकामाचं पुस्तक मले मोबाईलवर सापडलं. त्यातले लोकरीचे मनगटपट्टे विणून राह्यलो. सुया लय बारीक लागतात, म्हणून सायकलचे स्पोक घासून टोकदार केले.

आज सकाळी दादानं फवारणीचा पंप दुरुस्त कराले मारेगावले पाठवलं. पंप तसाच ठेवून मी निंबाखाली टाके मोजत बसलो.

दादा शोधत आला. "तिकडे कपाशीची बोंडं अळी खाऊन राह्यली अन् तू स्वेटर विणतं काय बे?"

त्यानं धागा ओढला. पंधरा दिवसांचं काम भर्रकन उसवलं. मी त्याच्या कानाखाली हाणली. त्यानं मले आपटलं, छातीवर बसून थोबाड फोडलं. सुई माझ्या हातातच होती. त्याच्या तळहातातून आरपार गेली, अन् त्यानं हात हिसकला तसा तळहात फाटला.

दवाखान्यात डॉक्टर हात शिवत होते, तेव्हा दादा म्हणाला, "मोज आता टाके."

सहा पडले. त्याचा अंगठा अजून हलत नाही.

घरी आईले त्यानंच सांगितलं, कुंपणाची तार लागली म्हणून. मी बाजूलेच उभा होतो.

तुम्ही असते तर खरं बोलले असते काय?